लॉन काढून बुटकी झुडपं लावताय? आधी माती कोणती ते बघा

पावसाळा आला की सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो: गेटजवळच्या उतारावरून वाहत आलेला चिखल. लॉन तिथे टिकत नाही आणि उन्हाळ्यात त्याला रोज पाणी कोण घालणार? मग नर्सरीवाला सुचवतो, जमिनीलगत पसरणारी, बारमाही हिरवी झुडपं लावा. सल्ला चांगला आहे. पानं पावसाचा मार झेलतात, मुळं माती धरून ठेवतात आणि जमिनीवर ऊनच पोहोचलं नाही की तणही कमी उगवतं.

पण लावायचं काय?

स्वस्तात मिळते ती पिवळ्या फुलांची वेडेलिया. खरं तर हे झुडूप नाहीच, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आलेली सरपटणारी वनस्पती आहे. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. छाटलेला तुकडा नाल्यात पडला तरी तिथे रुजतो. आययूसीएनच्या जगातल्या 100 घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे, आपल्या घाणेरीच्या शेजारीच! जवळ ओढा किंवा टेकडी असेल तर वेडेलिया नकोच.

दुसरा पर्याय बुटकी एक्झोरा. कोकणात, गोव्यात ती मस्त वाढते, कारण जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तीच रोपं पुण्यात किंवा मराठवाड्यात काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लावली की काही महिन्यांत नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. लोक पाणी वाढवतात, युरिया टाकतात. पण मातीत लोह असूनही अल्कधर्मी जमिनीत ते मुळांना घेता येत नाही, हे खरं दुखणं. बोअरचं जड पाणी आणि भिंतीलगत पुरलेला सिमेंटचा राडारोडा त्यात भर घालतात. अशा मातीत साधं फेरस सल्फेटही अडकून पडतं. चिलेटेड लोह जास्त उपयोगी पडतं. तरी दरवर्षी हा खटाटोप करण्यापेक्षा तिथे बुटकी कॅरिसा लावलेली बरी. ही करवंदाची आफ्रिकन बहीण. काटे असतात, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब लावा. पाणी साचणार नाही एवढं मात्र बघा.

लागवड जून-जुलैत करा. त्याआधी हराळी आणि लव्हाळ्याच्या गाठी खणून काढा, नंतर झुडपांमधून त्या निघत नाहीत. एक्झोरा एकेक फुटावर, म्हणजे 10 बाय 10 फुटांना साधारण 100 रोपं. कॅरिसा दोन फुटांवर, म्हणजे 25. उतारावर रोपं सरळ ओळीत न लावता एकाआड एक लावा. मधल्या मोकळ्या जागेत पालापाचोळा पसरा. पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागतं.

आणि माळ्याला सांगा, एक्झोरा दर महिन्याला कापू नको. तिला फुलं फांदीच्या टोकाला येतात. बहर ओसरल्यावर छाटली तरच पुढचा दिसतो.