काळ्या तिखटातली नवलाई

चैत्र-वैशाखाचं ऊन तापलं की धाराशिवकडच्या घरांत वर्षाच्या काळ्या तिखटाची लगबग सुरू होते. मिरच्या वाळतात, खोबरं भाजलं जातं आणि सगळं कांडपावर रवाना होतं. अमेरिकेतले व्हिस्कीचे शौकीन घरी दोन-तीन प्रकारच्या बर्बन व्हिस्की एकत्र करतात, चाखतात, प्रमाण बदलून पुन्हा चाखतात. इथे आपल्या आया-आज्या तोच खेळ वीसेक जिन्नस घेऊन खेळतात, तोही अंदाजपंचे आणि अचूक!

सुरुवात मिरचीपासूनच बघा. बेडगी घ्यायची रंगासाठी, गुंटूर जाळासाठी. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, कारण लाली कॅप्सॅन्थिन या रंगद्रव्याची आणि जाळ कॅप्सेसिन या रसायनाचा. पण जाळ ही मुळात चवच नाही, हे माहीत आहे? शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवून दिलं की, गरम वस्तूचा चटका ज्या प्रथिनामुळे कळतो, त्यालाच कॅप्सेसिन चेतवतं. जीभ भाजलेली नसते, मेंदूला मात्र भाजल्याची वर्दी पोचते! ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं, त्यात या शोधाचा मोठा वाटा होता. मिऱ्यातलं पायपरीनही त्याच प्रथिनाला डिवचतं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे प्राचीन तगर, रोमन जगाशी व्यापार करत होतं तेव्हा भारतात मिरची नव्हतीच. ती आली पोर्तुगीजांबरोबर. तिच्याशिवायचं तेरचं जेवण कसं लागत असेल?

आता दगडफूल. नावात फूल असलं तरी हे फूल नाही, आणि एकच एक जीवही नाही. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, आणि दोघांचा मिळून एक संसार उभा राहतो. म्हणजे मसाल्यात पडण्याआधीच हे मिश्रण! कच्चं हुंगलं तर फारसं काही हाती लागत नाही. गरम तेलात टाका, की धुराचा, ओल्या मातीचा वास घरभर. वासाचे बरेचसे रेणू पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात, म्हणून तर खडा मसाला तेलावर परतायचा.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजण्यामागेही पक्कं रसायनशास्त्र आहे. तीळ-खसखस पटकन करपतात, हळकुंडाला वेळ लागतो. तापल्यावर जिन्नसातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात आणि आधी अस्तित्वात नसलेले शेकडो वासाचे रेणू जन्मतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली ही क्रिया मांडली. आपल्या तव्यावर ती त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती.

लवंगेची गोष्ट तर मला सर्वांत आवडते. तिचा वास मुख्यतः युजेनॉलचा. हेच युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं आणि बर्बन आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते. केंटकीतल्या बर्बनच्या पेल्यात आणि कळंबच्या बरणीत एकच रेणू!

मग एवढे वास एकत्र आल्यावर त्यांचं होतं काय? माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक असतात. एक रेणू अनेक ग्राहकांना चेतवतो, एक ग्राहक अनेक रेणूंना दाद देतो, आणि त्या जुळणीवरून मेंदू वास ठरवतो. शास्त्रज्ञ डेव्हिड लेइंग यांच्या प्रयोगांत सरावलेल्या माणसांनाही मिश्रणातले तीन-चारपेक्षा जास्त वास वेगळे ओळखता येत नव्हते. त्यापुढे वास एकमेकांत हरवतात आणि एक नवाच वास उरतो. म्हणून काळ्या तिखटाला धन्याचा किंवा जायपत्रीचा नव्हे, काळ्या तिखटाचाच वास येतो. लवंग दोनच नग जास्त पडली तरी आजीला लगेच कळतं, कारण तो नवा वासच बदललेला असतो.

हे सगळं एका घासात तपासता येतं. काळं तिखट, मीठ आणि कच्चं तेल कालवा, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा त्यात बुडवा. नाक चिमटीत घट्ट धरून चावा. मीठ कळेल, जाळ कळेल, बाकी जवळजवळ काहीच नाही. आता नाक सोडा. घशामागून वाफ वर चढते आणि खोबरं, धने, दगडफूल, लवंग सगळं एकदम हजर!