नव्या मालकीतील इमॅजिका आणि वऱ्हाडाच्या अपेक्षा

उन्हाळ्याची सुट्टी लागली, लग्नसराई ओसरली आणि दुकानातील गर्दी जरा कमी झाली, की मलकापूर, नांदुरा, खामगाव, चिखली, देऊळगाव राजा येथील व्यापारी कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो : मुलांना यंदा कोठे न्यावयाचे? तीर्थयात्रा होते, आजोळी जाणे होते. पण शाळकरी मुलांचा ओढा आता आकाशपाळण्याकडे, पाण्याच्या घसरगुंड्यांकडे आणि वेगवान झुलत्या गाड्यांकडे असतो. हे सारे एका ठिकाणी पुरविणारे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उद्यान म्हणजे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गालगतचे इमॅजिका. बुलढाणा जिल्ह्यापासून ते सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. तरीही सुट्टीच्या यादीत त्याचे नाव वरचे असते. दहा वर्षांतच कर्जाच्या गर्तेत सापडलेले हे उद्यान २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाच्या हाती आले. नव्या मालकीकडून काय अपेक्षा ठेवाव्यात, याचा विचार पर्यटकाइतकाच व्यापाऱ्यानेही करण्याजोगा आहे.

एका मोठ्या स्वप्नाची उभारणी

चित्रपटसृष्टीत अ‍ॅडलॅब्ज या नावाने प्रतिष्ठा मिळविलेले मनमोहन शेट्टी यांनी हे उद्यान उभारले. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ, सुमारे तीनशे एकर जागेवर हा प्रकल्प आकारास आला आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याची दारे लोकांसाठी उघडली. परदेशी धर्तीचे, परंतु भारतीय कथांना स्थान देणारे उद्यान असावे, ही त्यामागील कल्पना होती. अलिबाबा आणि चाळीस चोर, मिस्टर इंडिया, आगगाडीच्या डब्यांतील खजिना, नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे अवशेष सापडले त्या राजासॉरसचा जलप्रवास अशा विषयांवर तेथील खेळ रचले गेले. सुमारे चाळीस मीटर उंचीची आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारी ‘नायट्रो’ ही गाडी तर तरुणांमध्ये उद्यानाची ओळखच बनली.

पुढील वर्षी, २०१४ मध्ये, जलउद्यान सुरू झाले. २०१५ मध्ये आवारातच मोठे हॉटेल उभे राहिले आणि २०१६ मध्ये कृत्रिम बर्फाचे दालन आले. पर्यटकाला एक दिवसाऐवजी दोन-तीन दिवस राहण्याचे कारण मिळावे, असा या विस्तारामागील हेतू होता. पाहणाऱ्याला वैभव दिसत होते. वहीच्या दुसऱ्या पानावर मात्र कर्जाचे आकडे वाढत होते.

व्याजाचा घोडा

व्याजाला घोडाही गाठू शकत नाही, असे जुन्या पेढ्यांवर म्हटले जाई. इमॅजिकाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले. शेकडो कोटींची बँककर्जे घेऊन उभा राहिलेला प्रकल्प पहिल्या दिवसापासून व्याज देणे लागत होता, आणि पर्यटकांचा ओघ मात्र अपेक्षेइतका वेगाने वाढला नाही. कर्जाचा भार हलका करण्यासाठी कंपनी मार्च २०१५ मध्ये भांडवल बाजारात उतरली. प्रतिसाद थंड आल्याने आधी जाहीर केलेला किंमतपट्टा खाली आणावा लागला आणि अखेर १८० रुपयांना समभाग दिले गेले. पाच वर्षांनी, महामारीच्या काळात, तोच समभाग दहा रुपयांच्याही खाली गेला होता.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली. किराणा दुकान बंद झाले तरी धान्य काही काळ टिकते, कापडाचे ठाण कपाटात राहते. उद्यानाचा माल मात्र ‘आजचा दिवस’ हाच असतो. न विकले गेलेले तिकीट उद्या विकता येत नाही. यंत्रांची निगा, पहारा, झाडांचे पाणी आणि व्याज यांना टाळेबंदी नव्हती. आधीच थकलेली कर्जे पूर्णपणे बुडीत होण्याच्या टोकाला पोहोचली.

येथेच उद्यानाचे भवितव्य पणास लागले. मुंबईतील गोराईच्या एस्सेलवर्ल्डचे उदाहरण ताजे आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या आणि मराठी घरांतील दोन पिढ्यांच्या सहलींचे स्थान बनलेल्या त्या उद्यानाचे दरवाजे २०२२ मध्ये बंद झाले. दिल्लीचे अप्पूघर १९८४ मध्ये गाजावाजाने उघडले आणि २००८ मध्ये मिटले. एकदा बंद पडलेली यंत्रे पावसाळ्यांमागून पावसाळे उघड्यावर राहिली, की ती पुन्हा चालविण्यापेक्षा भंगारात काढणे स्वस्त पडते. इमॅजिकाच्या वाट्यालाही ते येऊ शकले असते.

संगमनेरची पेढी

२०२२ च्या मध्यास मालपाणी समूहाने नवे भांडवल घालून कंपनीतील सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा घेतला. बँकांनी आपल्या येण्याचा मोठा भाग सोडला आणि उरलेल्याची तडजोड केली. संगमनेरचे हे घराणे मुळात तंबाखूच्या व्यापारातील. त्यांचा ‘गाय छाप’ जर्दा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ओळखीचा आहे. त्या व्यवसायाविषयी अनेक घरांत नापसंती असेल, आणि ती स्वाभाविकही आहे. परंतु तालुक्याच्या गावातील एका व्यापारी घराण्याने पुढे पवनऊर्जा, बांधकाम आणि मनोरंजन उद्याने अशा क्षेत्रांत पाय रोवले, ही गोष्टही नोंद घेण्यासारखी आहे.

उद्यान चालविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आधीच होता. शिर्डी आणि लोणावळा येथील ‘वेट-एन-जॉय’ ही जलउद्याने आणि शिर्डीतील ‘साईतीर्थ’ हे भक्तिविषयक उद्यान ही त्यांचीच उभारणी. शिर्डीची निवड पाहता त्यामागील व्यापारी दृष्टी कळते. दर्शनासाठी येणारे कुटुंब वर्षभर येते. दर्शन आटोपल्यावर उरलेला अर्धा दिवस मुलांसाठी कोठे घालवावा, हा प्रश्न त्याला पडतोच. नवी गर्दी जमविण्याचा खर्च न करता, आलेल्या गर्दीची सोय करणे हे तेथील गमक आहे. पुढे ही उद्याने इमॅजिकाच्या कंपनीशी जोडण्यात आली आणि इंदूर येथे नवे जलउद्यान उभारण्याची योजनाही कंपनीने हाती घेतली. मलकापूरहून बऱ्हाणपूरमार्गे इंदूर गाठणाऱ्यांसाठी हे अंतर खोपोलीच्या निम्म्याच्या आसपास पडते, त्यामुळे घाटाखालच्या गावांत या बातमीकडे विशेष लक्ष असणे साहजिक आहे.

उद्यानाचा जमाखर्च

नव्या मालकाला जुनी चूक टाळता येईल काय? त्यासाठी या धंद्याचा हिशोब समजून घ्यावा लागतो. उद्यानाचा बहुतेक खर्च स्थिर असतो. दिवसाला पाचशे माणसे येवोत वा पाच हजार, गाड्यांची तपासणी रोज सकाळी करावीच लागते, वीज लागते, जीवरक्षक आणि चालक कामावर ठेवावेच लागतात. म्हणून एका मर्यादेपर्यंत तोटा आणि ती ओलांडली की झपाट्याने नफा, असा हा व्यवसाय आहे. तिकिटाखेरीज खाणेपिणे, वस्तूंची विक्री, मुक्काम आणि शाळांच्या सहली यांवर बरेच अवलंबून असते. मे आणि डिसेंबर हे कमाईचे महिने. कोकणच्या मुसळधार पावसात झुलत्या गाड्या थांबतात. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी काही नवे दिले नाही, तर आलेला पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. कराचा भारही ध्यानात घ्यावा लागतो : वस्तू व सेवा कर आला तेव्हा उद्यानांच्या प्रवेशावर तो २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला.

अशा धंद्यात कर्ज जपून घ्यावे, हे केरळच्या वंडरलाने दाखविले आहे. व्होल्टेज स्टॅबिलायझर बनविणाऱ्या व्ही-गार्डचे संस्थापक कोचौसेफ चिट्टिलपिल्ली यांनी २००० मध्ये कोची येथे पहिले उद्यान काढले, २००५ मध्ये बंगळूरुला दुसरे आणि २०१६ मध्ये हैदराबादला तिसरे. एका उद्यानाची कमाई स्थिरावल्यावर दुसऱ्याचा पाया, असा त्यांचा क्रम राहिला. कंपनी २०१४ मध्ये बाजारात आली तेव्हा ती कर्ज फेडण्यासाठी नव्हे, तर वाढीसाठी आली. इमॅजिका आणि वंडरला यांचे खेळ जवळपास सारखेच. फरक पडला तो भांडवलाच्या स्वभावात.

परदेशातही हाच अनुभव आहे. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड यशस्वी करणाऱ्या संस्थेचे नाव असूनही, एप्रिल १९९२ मध्ये पॅरिसजवळ उघडलेले उद्यान दोन वर्षांतच व्याजाखाली दबले. १९९४ मध्ये बँकांशी तडजोड झाली, सौदी राजपुत्राने भांडवल घातले आणि उद्यान वाचले. गर्दी तेथे सुरुवातीपासून होती. कमतरता होती ती कर्ज आणि कमाई यांच्या मेळाची. पुढे त्यात अनेक वर्षे सुधारणा करीत राहावे लागले. इमॅजिकाच्या नव्या मालकांनाही एका वर्षाच्या नफ्यावर समाधान मानता येणार नाही. कर्जमुक्तीमुळे ताळेबंद एकदाच उजळतो. तो उजळ ठेवणे हे पाहुण्यांच्या हाती असते.

शेगावचा धडा

बुलढाणा जिल्ह्याला हा विषय परका नाही. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानने उभारलेले आनंदसागर हे या जिल्ह्याने पाहिलेले सर्वांत मोठे कौटुंबिक उद्यान. विस्तीर्ण तलाव, त्यातील बेटावरील ध्यानकेंद्र, दाट झाडी, मुलांची छोटी आगगाडी आणि माफक प्रवेशमूल्य यांमुळे दर्शनाला आलेले कुटुंब तेथे संपूर्ण दुपार घालवीत असे. संस्थानचे दिवंगत विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांच्या काळात त्याला लाभलेली स्वच्छता आणि शिस्त यांची वाखाणणी दूरवरचे प्रवासी करीत. नंतर हे उद्यान दीर्घकाळ बंद राहिले आणि पुढे त्याचा काही भाग पुन्हा खुला झाला. त्या बंद वर्षांत जिल्ह्याने काय गमावले, हे शेगावच्या बाजारपेठेतील लहान दुकानदार सहज सांगू शकेल. मुक्काम करणारा प्रवासी आणि दोन तासांत परतणारा प्रवासी यांच्या खरेदीत फार मोठे अंतर असते.

आनंदसागर हे सेवेच्या भावनेतून उभे राहिले, इमॅजिका नफ्याच्या गणितातून. तरी दोघांचा प्रश्न अखेरीस एकच आहे. उद्यान बांधणे हे एकदाचे काम, ते जिवंत ठेवणे हे रोजचे. पाणी, निगा, माणसे आणि भांडवल यांची तरतूद पुढील वीस वर्षांसाठी झाली नसेल, तर उद्घाटनाची भव्यता निरुपयोगी ठरते. कमी पावसाच्या या जिल्ह्यात तर पाण्याचा हिशोब पैशाच्याही आधी मांडावा लागेल.

अपेक्षा कोणत्या?

नव्या मालकीकडून सामान्य कुटुंबाच्या अपेक्षा साध्या आहेत. पाच माणसांच्या घराला तिकीट, जेवण आणि प्रवास मिळून वर्षातून एकदा तरी परवडावा. आजी-आजोबांना बसण्यासाठी सावली आणि शुद्ध, सात्त्विक जेवण मिळावे. सुरक्षिततेत काटकसर होऊ नये. कारण एका अपघाताने गमावलेला विश्वास कोणत्याही जाहिरातीने परत येत नाही. बँकांनी जे येणे सोडले ते अखेर ठेवीदारांच्या आणि करदात्यांच्या पैशातून आले आहे. म्हणून हे उद्यान नीट चालणे ही मालकांची खासगी बाब राहत नाही, ती समाजाशी असलेली बांधिलकी ठरते.

आणि वऱ्हाडाची अपेक्षा याहून थोडी पुढची आहे. लोणारचे सरोवर, सिंदखेडराजाचा जिजाऊंचा वाडा, नांदुऱ्याची भव्य हनुमानमूर्ती आणि मुंबई–हावडा लोहमार्गावरील शेगाव एवढे वैभव असलेल्या जिल्ह्यात कुटुंबाला दोन दिवस थांबवणारे ठिकाण टिकून राहू शकते. त्यासाठी कोणा मोठ्या समूहाची वाट पाहण्याची गरज नाही. संगमनेरही तालुक्याचेच गाव आहे. खामगावच्या कापूसबाजारात आणि चांदीच्या पेढ्यांवर पिढ्यान्पिढ्या धंदा केलेल्या घरांना भांडवलाचा संयम शिकवावा लागत नाही. लहान आरंभ, स्वतःचे मुद्दल, पाण्याची खात्री आणि टप्प्याटप्प्याने वाढ, या चार गोष्टी सांभाळल्या, तर जिल्ह्यातील मुलांना झुल्यासाठी पाचशे किलोमीटर जावे लागणार नाही. इमॅजिकाची पुढील वाटचाल म्हणूनच येथील पेढ्यांनी बारकाईने पाहावी. तिच्या यशातून आणि चुकांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे.