तीन मायकल जॉर्डन आणि मधलं नाव

आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न. मायकल जॉर्डन कोण?

बहुतेक जण म्हणतील, बास्केटबॉलवाला. बरोबर! मायकल जेफ्री जॉर्डन, शिकागो बुल्सकडून सहा वेळा एनबीए विजेता. पण बीटेकला मशीन लर्निंग शिकताना मला हेच नाव पेपरांवर सारखं दिसायचं. ते मायकल अर्विन जॉर्डन, बर्कलीत प्राध्यापक राहिलेले. २००३ साली डेव्हिड ब्लाय आणि अँड्र्यू एंग यांच्यासोबत त्यांनी मांडलेली 'एलडीए' पद्धत ढीगभर मजकुरातून त्यातले विषय शोधून काढते. आणि 'ब्लॅक पँथर'मधला किलमाँगर? तो अभिनेता मायकल बकारी जॉर्डन.

मग तिघांना वेगळं कसं ओळखायचं? मधल्या नावावरून. प्राध्यापक 'आय' लावतात, अभिनेता 'बी'. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव हेच काम करतं. पण ॲपवर फॉर्म भरताना आपण नेमकं तेच गाळतो.

मीही गाळलं होतं. एका लॅबमधून माझ्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचा तरी शुगर रिपोर्ट मला आला. घोळ कळेपर्यंत आई दोन रात्री झोपली नाही.

म्हणून डेटाबेसमध्ये आम्ही नावाच्या भरवशावर राहत नाही, प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक देतो. विकिडेटावर या तिघांचेही क्रमांक वेगळे आहेत.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की नुसतं नाव बघू नका. वय आणि नोंदणी क्रमांकही बघा.

तुमच्या नावाचं दुसरं कुणी भेटलंय का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!