फटक्याचें बळ

कोल्हापूर हें तालमींचें शहर. येथें बळ म्हटलें कीं डोळ्यांपुढें उभा राहतो तो खासबागेच्या मातींतला मल्ल, त्याचे दंड आणि त्याची रुंद छाती. हीच समजूत सॉफ्टबॉलच्या मैदानावर आली म्हणजे मात्र मुलांचें नुकसान करिते. धिप्पाड मुलगा आधीं संघांत घेतला जातो, आणि एखादी सडपातळ मुलगी "हिच्या हातांत जोर नाहीं" ह्या एका वाक्यानें खेळास मुकते. फटक्याचा जोर हातांत असतो हेंच मुळीं खरें नाहीं, असें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

हा खेळ 1887 सालीं अमेरिकेंत शिकागो येथें निघाला. त्याचा चेंडू सुमारें 12 इंच घेराचा असून तो खांद्यावरून न टाकतां हात खालून आणून फेकावा लागतो. मोठ्या स्त्रियांच्या सामन्यांत फेकण्याचें अंतर 43 फूट असतें. ताशीं 60 किलोमीटर वेगाचा चेंडू तें अंतर पाऊण सेकंदाच्या आसपास ओलांडतो. तेवढ्यांत चेंडू पाहावयाचा, मारावा कीं सोडावा तें ठरवावयाचें, आणि बॅटही फिरवावयाची!

आतां बळ कोठून येतें तें पाहूं. गाडीवान आसूड ओढतो तेव्हां त्याची मूठ थोडीच हलते, परंतु वादीचें टोक कडाडतें. गति मुठीकडून टोंकाकडे जातां जातां वाढत जाते. फटक्याचेंही तसेंच आहे. मात्र येथें मूठ म्हणजे आपले पाय. प्रथम शरीराचा भार मागील पायावर असावा. चेंडू सुटतांच पुढील पाऊल वीतभर, अगदीं हलकेंच टाकावें आणि तो पाय घट्ट रोवावा. मग मागील पायाची टाच उचलून चवड्यावर वळत कंबर फेकणाऱ्याकडे फिरवावी. कंबरेमागून छाती, छातीमागून खांदे, आणि सर्वांच्या शेवटीं हात. आमच्या मुलांचा नव्वद टक्के घोटाळा हा कीं हात आधीं धांवतात आणि कंबर मागाहून येते. आपल्या मर्दानी खेळांत लाठी फिरविणाऱ्याकडे निरखून पाहा. तो जमिनींत पाय रोवून कंबरेंतून वळतो, नुसते हात हालवीत नाहीं.

हात फिरूं लागतांना कोपरें अंगाजवळ राहावींत. तीं लांब गेलीं कीं बॅटीचा फेरा मोठा होतो व वेळ मोडतो. मूठ गच्च आवळूं नये, बॅट बोटांत धरावी. मस्तक स्थिर, नजर चेंडूवर.

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांस येथें एक अडचण येते. तेथें सरळ बॅट वरून खालीं आणण्याची संवय झालेली असते. येथें ती बहुतेक आडवी फिरवावी लागते. तथापि क्रिकेटांतील एक गोष्ट दोहींकडे लागू आहे. कोल्हापुरांत जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर ह्यांनीं 1948 च्या डिसेंबरांत पुण्यास काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद 443 धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. त्यांत चौकार 49 होते, आणि षटकार अवघा एक! चेंडूशीं बॅटीची गांठ नेमकी पडली म्हणजे दंड फुगवावे लागत नाहींत.

पालकांस एक विनंती. मूल वाढतें आहे म्हणून सदरा दोन बोटें मोठा शिवावा हें शहाणपण खरें. बॅट मात्र त्या मापानें घेऊं नये. पदार्थविज्ञानाचा नियम असा कीं फिरणाऱ्या वस्तूचें वजन दुप्पट केलें तर तिची गतिज ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. जड बॅटीनें मुलाचा वेग हरपतो; शिवाय ती सांवरतांना पाठ वांकते. साधी परीक्षा अशी: बॅट एका हातानें खांद्यासमोर आडवी धरावयास सांगावें. वीस अंक मोजून होण्यापूर्वीं हात थरथरूं लागला तर ती बॅट त्या मुलाची नव्हे, मग ती थोरल्या भावाची फुकट मिळालेली कां असेना.

सरावास खर्च येत नाहीं. कंबरेएवढा बांबू पुरून त्याच्या टोंकावर जाड रबरी नळीचा वीतभर तुकडा बसवावा आणि त्यावर चेंडू ठेवावा. पुढील पायाच्या किंचित् पुढें चेंडू येईल असें उभें राहून मारावें. नळीस धक्का लागला तर बॅट खालीं गेली असें समजावें. चेंडू नसेल तर जुन्या मोज्यांत चिंध्या भरून तो झाडाच्या फांदीस टांगावा. आजूबाजूस धाकटीं भावंडें उभीं नाहींत हें आधीं पाहावें. दररोज तीस फटके पुरेत. थकलेलें अंग चुकीचीच संवय लावून घेतें. मनगट किंवा पाठ दुखूं लागली तर त्या दिवशीं बॅट ठेवून द्यावी. जोर-बैठकांपैकीं आमचा कल बैठकांकडे अधिक आहे, कारण कंबर व मांड्या ह्यांनींच येथें काम करावयाचें आहे. पहिले पंधरा दिवस चेंडू किती लांब गेला हें मुळींच मोजूं नये. मागची टाच उचलली गेली कीं नाहीं, एवढेंच जवळ उभ्या असलेल्या सोबत्यानें पाहून सांगावें.