काकुनी : पहिल्या पाण्याचा हिशेब

डुकराच्या पोटाकडील चरबीदार मांसाचे चौकोनी तुकडे मंद आचेवर तासन्‌तास शिजवले, की जपानी काकुनी होते. 'काकु' म्हणजे चौकोन, 'नि' म्हणजे रसात शिजवणे. या पदार्थाविषयी दोन टोकाची मते माझ्या वाचनात वारंवार आली. एक म्हणते, ही निव्वळ चरबी; दुसरे म्हणते, ओकिनावाच्या दीर्घायुष्याचे रहस्य यातच आहे. दोन्ही मते तपासायची, तर आधी पातेल्यात डोकावले पाहिजे.

अकराव्या शतकातील चिनी कवी सु तुंगपो याच्या नावाने ओळखले जाणारे हांगचौचे मांस हे काकुनीचे मूळ मानतात. नागासाकीत 1689 मध्ये चिनी व्यापाऱ्यांसाठी वेगळी वसाहत उभी राहिली. त्याच बंदरातील 'शिप्पोकु' या मेजवानीतून काकुनी जपानी झाली.

तिची कृती दोन टप्प्यांची. मांस आधी साध्या पाण्यात किंवा तांदळाच्या धुवणात तास-दोन तास उकळतात. चरबी वितळून वर येते. पातेले थंड झाले की तिचा थर गोठतो आणि अलगद उचलता येतो. मग साके, मिरिन, साखर आणि शोयू घालून मांस पुन्हा मंद शिजवतात. या दीर्घ शिजण्यात चिवट कोलॅजेनचे मऊ जिलेटिन होते.

या कच्च्या मांसात 100 ग्रॅममागे 35 ते 50 ग्रॅम चरबी असते. पहिल्या पाण्याने त्यातला काही भाग जातो, सगळा नव्हे. शिवाय डुकराच्या मांसात विपुल असलेले ब1 जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे. पाणी फेकले, की तेही गेले. म्हणून साध्या पाण्यात उकळून, वरचा थर काढून, तेच पाणी रसाला वापरणारा स्वयंपाकी मला अधिक शहाणा वाटतो. शोयूच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते, हेही विसरू नये. जिलेटिनने कातडी उजळते म्हणावे, तर पोटात गेल्यावर त्याचेही इतर प्रथिनांसारखेच तुकडे होतात.

आता ओकिनावा. तेथील भावंड 'राफुते' आवामोरी दारू आणि काळ्या साखरेत शिजते. परंतु युद्धापूर्वी सामान्य ओकिनावी माणसाचे रोजचे अन्न रताळे होते; डुकराचे मांस नववर्षाला, सणासमारंभाला. 1945 नंतरच्या अमेरिकी अमलात डबाबंद मांस आले, आहारातील चरबी वाढली. 2000 साली पुरुषांच्या आयुर्मानात ओकिनावा जपानच्या 47 प्रांतांत 26वा ठरला.

तेव्हा राफुतेला दीर्घायुष्याचे श्रेय देऊ नये, आणि सगळा दोषही देऊ नये. ते सणाचे अन्न होते. त्याचा हिशेब सणाच्याच मापाने करावा.