अधःसंधान व दूरपात : तोरणमाळच्या तिरकमठ्यावरून एका पाठाचा विचार

शार्ङ्गधरपद्धतींतील धनुर्वेदप्रकरण बहुतेक पोथीसंग्राहकांच्या परिचयाचें आहे. इ. स. १३६३ च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ पीटर्सन यांनीं १८८८ सालीं मुंबई संस्कृत मालेंत छापिला. प्रकरणांतील बराच भाग वासिष्ठ धनुर्वेदसंहितेंतहि आढळतो. त्यांत संधान, म्हणजे दोरीवर बाण जोडणें, तीन प्रकारचें सांगितलें आहे : अधः, सम व ऊर्ध्व. पैकीं अधःसंधानाचें फळ दूरपात असें दिलें आहे. येथें वाचक अडखळतो. बाण दूर टाकावयाचा तर रोख वर हवा, असें वाटून ‘अधः’ हा लेखकप्रमाद मानण्याचा व तेथें ‘ऊर्ध्व’ घालण्याचा मोह होतो. आमच्या मतें ही दुरुस्ती चुकीची होय. तिच्या विरुद्धचा पुरावा पोथ्यांत शोधण्यापेक्षां सातपुड्यांत शोधणें बरें.

तोरणमाळचें पठार अक्राणी तालुक्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंचीवर आहे. १९९८ पर्यंत हा मुलूख धुळें जिल्ह्यांत होता, आतां नंदुरबारांत आहे. सभोंवतीं भिल्ल व पावरा यांची वस्ती. त्यांचें धनुष्य बांबूचें असतें आणि दोरीहि पुष्कळदां बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची असते. बंदुकीच्या नळीवर नेम धरण्यास माशी असते, तसें या धनुष्यावर कांहींएक नसतें. खूण नाहीं, खांच नाहीं. मग नेम कशाच्या आधारें लागतो? अंगाच्या. लहान धनुष्य घेऊन अगदीं जवळच्या लक्ष्यापासून आरंभ करावयाचा, दृष्टि बाणावर न ठेवितां लक्ष्यावर ठेवावयाची, आणि ओढणारा हात दर खेपेस त्याच ठिकाणीं आणावयाचा. हात गालाशीं येत असेल तर नेहमीं गालाशींच. हें ठिकाण बोटभर हाललें कीं बाण लक्ष्य सोडून जातो. इंग्लंडांत अ‍ॅस्कम यानें १५४५ सालच्या आपल्या ग्रंथांत दृष्टि लक्ष्यावरच ठेवावी असें बजाविलें आहे, तें याच जातीचें.

बोटभर फरकाचें एवढें महत्त्व कां, हें थोड्या गणितानें कळतें. बाणाचा वेग सेकंदास ४० मीटर धरला तर ३० मीटर जाण्यास त्यास पाऊण सेकंद लागतो, व तेवढ्यांत तो आपल्या सरळ रोखाच्या सुमारें पावणेतीन मीटर खालीं येतो. ही घट भरून काढण्यास ७० सेंटीमीटर लांबीच्या बाणाचें अग्र पिसांकडील टोंकापेक्षां सुमारें साडेसहा सेंटीमीटर वर असावें लागतें. लक्ष्य ६० मीटरवर नेल्यास हें अंतर तेरा सेंटीमीटर होतें. धनुष्याचा हात लक्ष्याच्या रेषेंत स्थिर ठेविला, तर हा सर्व फरक मागील टोंक खालीं घेऊनच साधावा लागतो. म्हणजे बाण दोरीवर खालीं जोडावा, किंवा ओढणारा हात खालीं आणावा. ‘अधः’ हें बाणाच्या पुच्छाचें स्थान होय, रोखाचें नव्हे. पुच्छ खालीं गेलें कीं अग्र आपोआप वर होतें व दूरपात घडतो.

याच प्रकरणांतील पांच व्याय, म्हणजे ओढीचीं स्थानें, या दृष्टीनें पाहावींत. कैशिकांत बाण केशमूलाशीं येतो, सात्त्विकांत शृंगाशीं, वत्सकर्णांत कानाशीं, भरतांत मानेशीं, व स्कंधांत खांद्याशीं. वरवर पाहतां ही शास्त्रकारांची नेहमींची नामावळीची हौस वाटते. परंतु विनियोग पाहा : सात्त्विक खालच्या लक्ष्यासाठीं, आणि स्कंध दूरच्यासाठीं. हात वर तर बाण खालीं, हात खालीं तर बाण दूर. ज्या धनुष्यावर माशी नाहीं त्याची माशी धनुर्धराच्या देहावरच मांडलेली आहे. स्कंध दृढभेदासहि सांगितला आहे. तेथें मात्र कोनाचा संबंध नसून ओढ लांब झाल्यानें बळ वाढतें, इतकेंच. कवींच्या ‘आकर्ण’ ओढीवरून या बाबतींत कांहींच सिद्ध होत नाहीं. त्यांचा प्रत्येक वीर कानापर्यंतच ओढतो. उलट होरेस फोर्ड यानें १८५६ सालीं कानापर्यंतच्या ओढीस हरकत घेतली, ती बाण डोळ्याच्या रेषेबाहेर जातो म्हणून. ती आडव्या चुकीपुरती रास्त आहे.

तोरणमाळचा धनुर्धर हे श्लोक वाचून नेम शिकला, असें आमचें म्हणणें नाहीं. दोघांपुढें अडचण एकच होती, इतकें पुरे. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा तिरकमठा राहिला नाहीं. सण व लग्न यांत तो हातीं दिसतो, परंतु मिरविण्याचें धनुष्य नेम शिकवीत नाहीं. तेव्हां ज्यांच्या संग्रहीं धनुर्वेदाचीं हस्तलिखितें असतील त्यांनीं संधान व व्याय यांवरील श्लोकांचे पाठभेद जसेच्या तसे टिपून ठेवावे, दुरुस्त करूं नयेत. आणि शक्य तर तो भाग एखाद्या जुन्या धनुर्धरापुढें वाचून, त्याचा हात कोठें थांबतो तें समासांत लिहावें. ज्यांच्याजवळ धनुष्यें आहेत त्यांनीं दोरीवर बाण जोडण्याच्या जागीं झीज कोठें दिसते, मध्यावर कीं खालीं, तें मोजून कळविल्यास प्रस्तुत पाठाचा निर्णय अधिक भक्कम होईल.