आकडे व्हाइट हाउसमध्ये शिजत नाहीत

अमेरिकेतले रोजगाराचे मासिक आकडे कुणाला अडचणीचे ठरले, की एक आरोप हमखास होतो: आकडे फिरवलेले आहेत. २०१२मध्ये निवडणूक तोंडावर असताना बेरोजगारीचा दर ८.१वरून ७.८ टक्क्यांवर आला. जनरल इलेक्ट्रिकचे माजी प्रमुख जॅक वेल्च यांनी लगेच ओबामांच्या गोटाकडे बोट दाखवलं. पुरावा मात्र दिला नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तर कामगार सांख्यिकी विभागाच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना तडकाफडकी काढूनच टाकलं. कारण काय, तर मे आणि जूनच्या आकड्यांतून दुरुस्तीनंतर २,५८,००० नोकऱ्या कमी झाल्या.

दुरुस्ती म्हणजे लबाडी, हा समज आता तरी सोडायला हवा. नोकऱ्या मोजल्या जातात त्या सुमारे १,२१,००० कंपन्या आणि सरकारी कार्यालयांच्या पगारपत्रकांवरून. सगळ्यांची माहिती वेळेत येत नाही. उशिरा आलेली उत्तरं पुढचे दोन महिने जमा होतात आणि आकडा जाहीरपणे दुरुस्त केला जातो. त्या हकालपट्टीनंतरही तेच झालं. ५ सप्टेंबरच्या दुरुस्तीत जूनचा आकडा शून्याच्याही खाली गेला: त्या महिन्यात १३,००० नोकऱ्या घटल्या होत्या.

आणि एप्रिल २०२०चं काय? कोविडमुळे घरी बसवलेल्या अनेकांची नोंद चुकून ‘नोकरीत, पण गैरहजर’ अशी झाली. बेरोजगारीचा दर १४.७ टक्के जाहीर झाला. ही चूक धरली तर तो जवळपास पाच टक्केबिंदूंनी जास्त भरेल, हे विभागानेच लिहून टाकलं. तरीही लोकांनी दिलेली उत्तरं मागाहून बदलायची नाहीत, हा नियम पाळून आकडा तसाच ठेवला. लपवाछपवी करणारी यंत्रणा असं वागत नाही.

बेरोजगार भत्ता संपला की माणूस मोजणीतून गळतो, हेही धादांत चूक. दर ठरतो तो दरमहा सुमारे ६०,००० घरांच्या पाहणीवरून. ठरलेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी काही काम केलंत का? नसेल, तर गेल्या चार आठवड्यांत काम शोधायला काय केलंत? भत्त्यावर काहीच अवलंबून नाही. मात्र तासभराचं काम असलं तरी माणूस नोकरदार ठरतो आणि शोध सोडला की बेरोजगारांत धरला जात नाही. व्याख्येची ही मर्यादा खरी आहे. म्हणूनच हाच विभाग एक व्यापक दरही छापतो. सप्टेंबर २०१२मध्ये तो नेहमीच्या दराच्या जवळजवळ दुप्पट होता.

या दरावरून बांधलेले आडाखेही असेच फसतात. बेरोजगारी जास्त म्हणजे सत्ताधारी पडणारच? रेगन १९८४मध्ये सात टक्क्यांहून जास्त बेरोजगारी असताना ४९ राज्यं जिंकले.

नोकऱ्या परतेपर्यंत शेअर बाजारापासून लांब राहावं? एस अँड पी ५०० निर्देशांकाने तळ गाठला ९ मार्च २००९ रोजी. बेरोजगारी १० टक्क्यांवर पोचली ऑक्टोबरमध्ये, आणि तोवर निर्देशांक दीडपटीवर गेला होता.

काळजी करायची तर माहिती आटतेय याची करावी. दहा वर्षांपूर्वी घरांच्या पाहणीला दहातली नऊच्या आसपास घरं उत्तर देत, आता सातच्या आसपास देतात. २०२५मध्ये माणसं आणि पैसा अपुरा पडल्याने याच विभागाने लिंकन, प्रोव्हो आणि बफेलो या शहरांतून महागाईसाठी किमती गोळा करणं थांबवलं.